दारू सोडवणारा सोमवार

दारू सोडण्यासाठी दवाखान्यात दाखल झालेला माणूस आठ-दहा दिवसांत बराच सावरतो. हातांचा थरकाप थांबतो, झोप लागते, जेवण जाऊ लागतं. घरी जाताना त्याचा चेहरा पाहून बायको-मुलांना हायसं वाटतं. अवघड काळ त्यानंतर सुरू होतो. एस.टी.तून गावात उतरलं की जुने सोबती तिथेच असतात, संध्याकाळ रिकामी असते आणि लग्नात, तेराव्याला कुणीतरी आग्रह करतंच. दारू सुटण्यासाठी औषधं आहेत. ती सुटलेली राहावी यासाठी मात्र औषधासोबत माणसं लागतात.

अशा माणसांच्या सोबतीचा जगात सर्वांत परिचित नमुना म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन गावी 1935 मध्ये बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा सर्जन असे दोन दारुडे एकत्र आले आणि एकमेकांच्या आधाराने दारूपासून लांब राहिले. 1939 मध्ये त्यांच्या पुस्तकातून प्रसिद्ध बारा पायऱ्या लोकांसमोर आल्या. या सभांचा हजारो लोकांना उपयोग झाला आहे, आपल्याकडेही होतो. पण सगळ्यांना ही वाट मानवत नाही. कुणाला अनोळखी लोकांपुढे स्वतःबद्दल बोलवत नाही, कुणाला त्यातली परमशक्तीची भाषा पटत नाही आणि कित्येकांच्या गावाजवळ सभाच नसते. मग त्यांनी काय करायचं, असं नातेवाईक विचारतात. या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या खानदेशात त्याच दशकात, अ‍ॅक्रनचं नावही न ऐकलेल्या एका भिल माणसाने दिलं होतं. त्याचं नाव संत गुलाम महाराज.

गुलाम महाराज तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे. हे गाव आता रंजनपूर म्हणूनही ओळखलं जातं. तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता आणि कारभार धुळ्याहून चाले. 1998 मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यावर तो तिकडे गेला. महाराज गरीब भिल कुटुंबात जन्मले, सातपुड्याच्या पायथ्याशी वाढले. आपल्या समाजाची दारूने काय अवस्था झाली आहे हे ते लहानपणापासून पाहत होते.

ही अवस्था समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. आदिवासी घरात मोहाच्या फुलांची दारू पूर्वीपासून होती. देवाला धार द्यायची तर दारू, सोयरीक ठरली तर दारू, माणूस गेला तरी दारू. मात्र मोहाचा हंगाम ठरलेला आणि दारू घरी गाळलेली, त्यामुळे तिला आपोआप काही मर्यादा होत्या. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणं गुन्हा ठरलं आणि मक्तेदारांची दुकानं आली. दुकान बारा महिने उघडं आणि तिथे उधारीही मिळे. उधारीतून कर्ज, कर्जातून जमीन सावकाराच्या नावावर आणि मग आपल्याच शेतात मजुरी. सरकारलाही अबकारीचं उत्पन्न मिळत होतं. दारू सोडणारा प्रत्येक माणूस मक्तेदाराला, सावकाराला आणि सरकारला तोट्याचा होता.

1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात गुलाम महाराजांनी मोरवडला लोकांना जमवायला सुरुवात केली. सांगणं साधं होतं. दारू सोडा, मांसाहार सोडा, रोज अंघोळ करा, चोरी करू नका, आणि एकमेकांना आप म्हणा. दर सोमवारी आरती होई. तिच्यासाठी डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं पायी येत आणि ही संख्या हजारांत गेली. भेटल्यावर नमस्कार करायचा तो आप की जय म्हणून. त्यावरून या पंथाला आप धर्म असं नाव पडलं.

डॉक्टर म्हणून या चळवळीकडे पाहिलं की त्यात चार गोष्टी नेमक्या जमलेल्या दिसतात.

पहिली, ठरलेला वार. व्यसन सोडलेल्या माणसाला आयुष्यभराची शपथ जड जाते, पुढच्या सोमवारपर्यंतची झेपते. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच माणसांत जायचं आहे, ही जाणीव मधल्या सहा दिवसांना टेकू देते.

दुसरी, नवा मान. भिल माणसाला फौजदार, सावकार, पाटील सगळेच अरे-तुरे करत. घरातही तीच भाषा. आप म्हणताना आणि ऐकताना माणसाचं स्वतःबद्दलचं मत बदलतं. दारुड्याला घरीदारी जे काही ऐकावं लागतं, त्याने त्याचं पिणं क्वचितच कमी होतं. उलट ती लाज बुडवायला तो आणखी पितो. मान देणारी जागा मिळाली तर ती टिकवण्यासाठी तो धडपडतो.

तिसरी, सगळ्यांनी मिळून सोडणं. जिथे सोयरिकीत पेला नाकारणं म्हणजे सोयरीक नाकारणं, तिथे एकट्याने दारू सोडली तर तो समाजातून तुटतो. पाडाच्या पाडा आरतीला जाऊ लागला की न पिणं हीच रीत होते. अमेरिकेतल्या गटाने नाव गुप्त ठेवण्यावर भर दिला. शहरात ते योग्यच होतं. खेड्यात कोण पितो हे सगळ्यांना ठाऊक असतं. गुलाम महाराजांनी सोडणंही तसंच चारचौघांत आणलं.

चौथी, दारूच्या जागी दुसरं काही देणं. पेला काढून घेतल्यावर संध्याकाळ मोकळी राहते. आरती, गाणं, चालत जाणं-येणं, ओळखी यांनी ती भरली.

दारूविरोधी लाटा आदिवासी भागात याआधीही आल्या होत्या. 1922-23 मध्ये दक्षिण गुजरातेत आणि लगतच्या पट्ट्यात देवीची चळवळ झाली. अंगात आलेल्या देवीने सांगितलं म्हणून हजारो लोकांनी एकदम दारू सोडली. लाट ओसरल्यावर त्यातले बरेच जण पुन्हा पिऊ लागले. आज्ञा एकदाच मिळते, पण माणसाला आधार दर आठवड्याला लागतो.

गुलाम महाराजांना फार दिवस मिळाले नाहीत. 1938 मध्येच त्यांचं निधन झालं. एका माणसाभोवती उभं राहिलेलं काम अशा वेळी बहुधा विस्कटतं. इथे त्यांचे भाऊ रामदास महाराज पुढे आले आणि आरती चालू राहिली. आदिवासींचे एवढे मोठे जमाव ब्रिटिश सरकारला नको होते. जमावांवर बंधनं आली, रामदास महाराजांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं. तरीही पंथ संपला नाही, त्याला मानणारी कुटुंबं आजही सातपुड्याच्या पायथ्याला आहेत. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा. त्याच्या कितीतरी आधी लोकांनी आपली दारूबंदी आपणच करून पाहिली होती.

या कथेतून आज घेण्यासारखं पुष्कळ आहे, पण दोन सावधगिरीच्या गोष्टी आधी सांगायला हव्यात. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो, त्याने घरच्या घरी एका दिवसात दारू बंद करू नये. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांत थरकाप, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसतात, ताप येतो आणि उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. योग्य औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन हे टाळता येतं. म्हणून माळ घालायची असो की शपथ, आधी दवाखाना. नंतरही ओढ कमी करणारी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतात. ती घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नव्हे.

दुसरी सावधगिरी घसरणाऱ्या माणसाबद्दल. पावित्र्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही मंडळीत, एकदा पुन्हा प्यालेला माणूस तोंड लपवू लागतो. व्यसन हा उलटणारा आजार आहे. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्याला दवाखान्यातून हाकलत नाही. माळ तुटली तरी पुढच्या बैठकीला ये, असं सांगणारी मंडळी निवडावी.

सोबतीचे प्रकार वेगळे असले तरी चालतात, याला आता अभ्यासाचाही आधार आहे. बारा पायऱ्यांवर आधारलेले कार्यक्रम दारूपासून दूर ठेवण्यात इतर मान्य उपचारांपेक्षा कमी पडत नाहीत, असं 2020 मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलं. त्याआधी 2018 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात इतर पद्धतींच्या गटांशी तुलना झाली. त्यात मन लावून सहभागी होणाऱ्यांना दोन्हीकडे साधारण सारखाच फायदा दिसला. गटाच्या नावापेक्षा त्यात नियमित जाणं मोलाचं.

आपल्याकडे अशा जागा आहेत. वारकऱ्यांची माळ आहे, भजनी मंडळ आहे. 1970 च्या दशकात शहादा भागात दारूची मडकी फोडणाऱ्या आदिवासी बायकांसारखी एकजूट बचत गटांतूनही उभी राहू शकते. देवधर्मात मन रमत नसेल तर तालीम, वाचनालय, पहाटे चालणाऱ्यांचा कट्टा, दारू सोडलेल्या चार-पाच जणांची दर आठवड्याची बैठक हेही चालेल. कुणाशी बोलावं हेच सुचत नसेल तर टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

व्यसनी माणूस घरी परत येईल तेव्हा घरच्यांनी त्याच्यासोबत बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. कोणता वार, कोणती जागा आणि सोबत कोण. मग त्या दिवशी शेतीचं काम, पाहुणे, पाऊस काहीही असलं तरी त्याला तिथे जाऊ द्यावं. पहिले काही महिने घरातलं कुणी बरोबर गेलं तर उत्तम. आणि त्याला हाक मारताना जरा मानाने मारावी.