डॉ. मेबल आरोळे : निरक्षर हातांना आरोग्यसेवेचे शिक्षण देणाऱ्या डॉक्टर



बीडहून जामखेडला जाताना सौताड्याचा घाट ओलांडला की थोड्याच वेळात जिल्हा बदलतो. जिल्हा बदलला तरी जमीन बदलत नाही. घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे तोच कोरडवाहू मुलूख, तीच ज्वारी-बाजरीची शेते, पाऊस रुसला की टँकरच्या वाटेकडे लागलेले तेच डोळे आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारी तीच बिऱ्हाडे. या घाटापलीकडे, तेव्हाच्या अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे, एका ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० साली आपले बिऱ्हाड थाटले. त्यांपैकी डॉ. मेबल आरोळे यांना देवाघरी जाऊन आता पाव शतक उलटले आहे. आज परिचारिका किंवा वैद्यकीय साहाय्यक होण्याची स्वप्ने पाहणाऱ्या आपल्या मुला-मुलींपुढे त्यांचे जीवन ठेवावे, असे आम्हाला वाटते.

मेबल यांचा जन्म १९३५ साली जबलपूर येथे झाला. त्यांचे वडील तेथील धर्मशिक्षण महाविद्यालयात नव्या कराराचे प्राध्यापक होते. पवित्र शास्त्राचा अभ्यास आणि दीनदुबळ्यांची सेवा या दोन्ही गोष्टी त्यांनी घरातच पाहिल्या. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात त्या डॉक्टर झाल्या. तेथेच त्यांची भेट राहुरीकडील एका तरुणाशी झाली. हे डॉ. रजनीकांत आरोळे. १९६० साली त्यांचा विवाह झाला. आपले आयुष्य खेड्यातील उपेक्षितांसाठी वेचायचे, असा निर्धार दोघांनी मिळून केला.

विवाहानंतर काही वर्षे त्यांनी वडाळा येथील मिशन रुग्णालयात सेवा केली. तेथे त्यांना एका गोष्टीने अस्वस्थ केले. जुलाबाने सुकलेले मूल औषधपाण्याने बरे होऊन घरी जाई आणि काही आठवड्यांनी पुन्हा त्याच अवस्थेत दारात येई. दूषित पाणी, अपुरे अन्न आणि अज्ञान हे खरे दुखणे गावात होते, आणि रुग्णालय तर गावापासून दूर होते. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दोघे अमेरिकेत गेले. तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. परदेशात सुखाने राहण्याची वाट मोकळी असतानाही ते परतले आणि जामखेडला गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी काम सुरू केले.

तो काळ भीषण दुष्काळाचा होता. गावाला प्रथम औषध नव्हे, तर पाणी आणि भाकर हवी होती. म्हणून डॉक्टर मंडळींनी लेकरांच्या जेवणाची सोय केली व कूपनलिका खोदून घेतल्या. या कूपनलिका शक्यतो दलित वस्तीत असाव्यात, याची दक्षताही घेतली. ज्यांना सार्वजनिक विहिरीवर जाण्यास मज्जाव होता, त्यांच्याच दाराशी आता सारे गाव घागरी घेऊन येऊ लागले.

वाचकहो, यानंतरचा प्रसंग आमच्या मते या जीवनचरित्रातील सर्वांत बोधप्रद आहे, कारण त्याची सुरुवात अपयशाने झाली. गावोगावी आरोग्यसेवा पोहोचवण्यासाठी प्रथम शिकलेल्या परिचारिकांना खेड्यात ठेवण्यात आले. परंतु परक्या गावात एकट्या राहणाऱ्या त्या तरुण मुलींना असुरक्षित वाटे आणि गावातील स्त्रियाही त्यांच्यापाशी मन मोकळे करीत नसत. शिक्षण होते, प्रामाणिकपणा होता. नव्हता तो विश्वास. तेव्हा गावाच्याच एखाद्या बाईला का शिकवू नये, अशी सूचना गावकऱ्यांकडूनच पुढे आली. दोन वैद्यकीय पदव्या असलेल्या घराने ही सूचना नम्रपणे ऐकली, हे आम्हाला विशेष वाटते.

गावाने आपली बाई निवडायची, असे ठरले. निवडल्या गेलेल्या बहुतेक स्त्रिया निरक्षर होत्या. कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी दलित वस्तीतील मजूर. त्यांना शिकवण्यात मेबलबाईंचा मोठा वाटा होता. पाटी-पेन्सिलीचा उपयोग नव्हता. म्हणून चित्रे, गाणी, गोष्टी आणि पुनःपुन्हा केलेली उजळणी यांवर शिक्षण उभे राहिले. बाया दर आठवड्याला जामखेडला येत व मुक्काम करीत. गेल्या आठवड्यात गावात कोण आजारी पडले, कोणाचे बाळंतपण अडले, आपण काय केले आणि काय चुकले, हे प्रत्येकीने सर्वांपुढे सांगायचे. त्यातूनच पुढचा धडा निघे. रात्री सर्व जातींच्या बाया एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. शिवाशिवीविरुद्ध दिलेल्या शंभर व्याख्यानांपेक्षा ते एक पांघरूण अधिक बोलके होते.

त्या काय शिकत? जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडू नये, उलट मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने पाजावे. गरोदर बाईने बाळंतपण सोपे व्हावे म्हणून उपाशी राहू नये. बाळंतपणापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि नाळ निर्जंतुक पात्यानेच कापावी. मुलांची वजने घ्यावीत. अंगावरचा बधिर चट्टा वेळीच ओळखून कुष्ठरोग्याला उपचारांपर्यंत न्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणता रोगी आपल्या आवाक्याबाहेरचा आहे हे ओळखून त्याला विनाविलंब रुग्णालयात धाडावे. आम्हाला वाटते, वैद्यकीय साहाय्यकाच्या शिक्षणाचा कस या शेवटच्या धड्यातच लागतो. आपल्याला काय येते हे जाणणे सोपे. आपले ज्ञान कोठे संपते हे जाणण्यास विवेक लागतो.

निरक्षर बाईच्या हाती औषधे देणे अनेक शिकलेल्यांना धोक्याचे वाटे. परंतु परिणाम बोलू लागला. १९७१ साली या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. पाचच वर्षांत हे प्रमाण ५२ वर आले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकाधारित आरोग्यसेवेवरील आपल्या ग्रंथात जामखेडची दखल घेतली. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९९० साली पद्मभूषण. मेबलबाईंनी पुढे युनिसेफच्या दक्षिण आशिया विभागासाठी सल्लागार म्हणूनही काम केले. १९९९ साली त्यांचे निधन झाले. २०११ साली डॉ. रजनीकांतही गेले. जामखेडचे कार्य त्यांच्या पुढच्या पिढीने हाती घेतले. २००५ साली देशभर सुरू झालेली आशा स्वयंसेविकांची योजना पाहताना, गावच्याच बाईला शिकवण्याचा जामखेडचा प्रयोग आठवल्यावाचून राहत नाही.

आता पुन्हा घाटाच्या अलीकडे, आपल्या बीड जिल्ह्यात येऊ. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत येथील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. त्यांतील कित्येक जणी ऐन तारुण्यातल्या होत्या. साध्या पांढऱ्या पाण्याच्या किंवा पोटदुखीच्या तक्रारीवरून, कर्करोगाच्या भीतीने, आणि खाडा झाला तर मुकादमाचा दंड बसेल या धास्तीने या माउल्या शस्त्रक्रियेला तयार झाल्या. जिल्ह्यात डॉक्टर नव्हते असे नाही. अंबाजोगाईला तर शासनाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण उसाच्या फडावर, कोपीच्या दारात बसून, बाई, थांब, हे दुखणे औषधाने बरे होण्यासारखे आहे, आधी सरकारी दवाखान्यात दाखवू, असे सांगणारी जाणकार सोबतीण त्यांच्याजवळ नव्हती. एका शिकलेल्या साहाय्यिकेची किंमत काय असते, हे या आकड्यावरून कळावे.

भल्या शोमरोन्याचा दाखला आपणा सर्वांना ठाऊक आहे. जखमी वाटसरूच्या जखमा बांधणारा तो शोमरोनी आपल्या नेहमी स्मरणात राहतो. परंतु दुसऱ्या दिवशी त्याला पुढे जावे लागले आणि त्याने ती शुश्रूषा उतारशाळेच्या चालकावर सोपवली, याकडे आपले क्वचितच लक्ष जाते. डॉक्टर हा पुढे जाणारा वाटसरू असतो. रोग्यापाशी मागे राहतो तो उतारशाळेचा चालक. मेबलबाईंनी गावोगावी असे चालक घडवले. त्या आपल्या कॅथोलिक पंथाच्या नव्हत्या. परंतु प्रभूच्या त्या दाखल्याचा अर्थ त्यांनी आपल्याहून अधिक आचरणात आणला, हे मान्य करण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

यंदा दहावी-बारावी उत्तीर्ण होऊन परिचारिका किंवा साहाय्यक परिचारिकेच्या अभ्यासक्रमाची चौकशी करणाऱ्या मुलींनो आणि मुलांनो, प्रमाणपत्र अवश्य मिळवा. नोकरी करा, घराला हातभार लावा. त्यात गैर काहीच नाही. मात्र तुमच्या गणवेशाला पाहून गावातील सर्वांत गरीब बाई आपले दुखणे मोकळेपणाने सांगेल का, हा प्रश्न अधूनमधून स्वतःला विचारत जा. मुक्ताबाई पोळ यांच्यासारख्या जामखेडच्या बायांजवळ प्रमाणपत्र नव्हते, पण त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ होते. तुमच्याजवळ दोन्ही असोत, हीच प्रार्थना.