पेठ वसविणारा राजा

राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव निघाले की वसतिगृहे आठवतात, खासबागेचे कुस्तीचे मैदान आठवते आणि राखीव जागांचा हुकूम आठवतो. आम्ही काही वर्षे शाळेत इतिहास शिकविला आहे. २६ जुलै १९०२ ही त्या हुकुमाची तारीख आम्ही मुलांकडून घोकून घेतली. परंतु शाहूपुरी कोणी वसविली व कशासाठी वसविली, हा प्रश्न वर्गात एकदाही विचारला नाही. मध्यम आकाराच्या प्रत्येक शहराचा विकास-आराखडा आज तयार होत असताना ही आमची जुनी चूक दुरुस्त करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा त्यांस दहा वर्षेही पुरी झाली नव्हती. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आला, तेव्हा ते विशीच्या आत होते. जे शहर त्यांच्या वाट्यास आले ते अंबाबाईचे देऊळ, राजवाडा आणि कचेऱ्या यांच्या आधाराने जगणारे होते. मिरजेपासून कोल्हापुरापर्यंत आगगाडी १८९१ सालीच आली होती. पण आगगाडी ही दुधारी वस्तू आहे. गावाजवळ विकण्याजोगे काही असेल आणि ते विकण्यास गावातच जागा असेल, तर ती संपत्ती आणते. नसेल, तर बाहेरचा माल आणून टाकते आणि पैसा घेऊन जाते.

कोल्हापूरपाशी गूळ होता. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस पिकत होता, गुऱ्हाळे पेटत होती. उणीव होती ती पेठेची. महाराजांनी १८९५ साली, म्हणजे अधिकार मिळाल्यावर वर्षभराच्या आतबाहेर, स्थानकाच्या बाजूस शाहूपुरी वसविण्यास आरंभ केला. आमच्या मते त्यांच्या अर्थदृष्टीचे मर्म येथेच आहे. गूळ राज्याने विकला नाही. राज्याने जागा दिली, सवलती दिल्या, व्यापाऱ्यांस बोलावले. व्यापार त्यांनी करावयाचा होता. अडते आले, त्यांच्यामागून हमाल आणि गाडीवान आले, आणि शेतकऱ्यास आपल्या रव्यांचा सौदा घराजवळ पाहता येऊ लागला. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कीर्तीचा पाया या पेठेत आहे.

पुढची काही वर्षे दुष्काळ आणि प्लेग यांनी खाल्ली. त्या काळात स्वस्त धान्याची दुकाने निघाली, कामे निघाली, आणि कामावर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांस सांभाळण्याची सोयही झाली. १९०६ साली कापडाच्या गिरणीचा पाया घातला गेला. पन्हाळ्यावर चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही झाले. हे सारे सारखेच फळले असे म्हणता येणार नाही. चहाची आज केवळ आठवण उरली आहे आणि गिरणीही पुढे बंद पडली. गौरवाच्या भरात आमचे चरित्रकार ही बाजू झाकतात, ते आम्हांस पसंत नाही. दहा गोष्टी करून पाहणाऱ्याच्या दोनतीन फसतातच.

पेठ बांधली तरी तिच्यात कोणास उभे राहता येते, हा प्रश्न उरतोच. १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. राज्याने मदत करावी आणि त्या त्या समाजातील मंडळींनी कारभार पाहावा, असा प्रघात पडला. १९१८ साली बलुतेदारी कायद्याने संपली आणि बापाचाच धंदा मुलाने करावा ही सक्ती गेली. परंतु कायद्याने गिऱ्हाईक येत नाही. गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थांनी महाराजांच्या पाठबळावर चहाचे दुकान काढले, तेव्हा महाराज स्वतः तेथे जाऊन चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींसही पाजीत. छत्रपतींनी घेतलेला पेला बरोबरच्या मानकऱ्याने कसा नाकारावा? अर्थशास्त्राच्या पुस्तकात या युक्तीस नाव नाही. मात्र बाजाराचे दार त्या पेल्याने उघडले.

१९१७ साली आगगाडीच्या त्याच मार्गावर जयसिंगपूर वसले. जनक पित्याचे नाव दिलेल्या या गावाचे रस्ते सरळ आणि एकमेकांस काटकोनात छेदणारे आखले गेले. तेथेही व्यापाऱ्यांसच आधी स्थान मिळाले.

सर्वांत मोठे काम मात्र अपुरे राहिले. ऊस पाण्यावाचून वाढत नाही आणि उसावाचून पेठ चालत नाही, म्हणून भोगावती नदी अडविण्याचे काम हाती घेण्यात आले. धरणाजवळच्या वसाहतीस कन्येच्या नावावरून राधानगरी हे नाव मिळाले. संस्थान लहान, खर्च अवाढव्य, त्यातच महायुद्ध. १९१८ च्या सुमारास काम थांबले. भिंत अर्ध्यावरच उभी होती. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीसही नव्हते. संस्थान १९४९ साली विलीन झाले. धरण पुरे झाले ते १९५७ साली, ज्यांनी ते आखले त्यांच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी. भोगावतीचे ते पाणी आजही उसास मिळते आणि त्या उसाचा गूळ कोल्हापूरच्या पेठेत सौद्यास येतो.