गुलाबराव महाराज

गुलाबराव महाराज (जन्म : ६ जुलै १८८१, लोणी टाकळी, अमरावती जिल्हा, मृत्यू : २० सप्टेंबर १९१५, पुणे) हे विदर्भातील संत, तत्त्वचिंतक व ग्रंथकार होते. त्यांचे पूर्ण नाव गुलाबराव गोंडुजी मोहोड. तान्हेपणीच दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेली असताना अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी मराठी, हिंदी व संस्कृत या भाषांत लहानमोठे सुमारे १३४ ग्रंथ रचले. 'प्रज्ञाचक्षू', 'मधुराद्वैताचार्य' आणि 'ज्ञानेश्वरकन्या' या बिरुदांनी ते ओळखले जातात.

बालपण आणि दृष्टिनाश

मोहोड घराणे अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजारजवळच्या माधान या गावचे. वडील गोंडुजी शेतकरी होते; आईचे नाव अलोकाबाई. गुलाबरावांचा जन्म आजोळी झाला. ते आठ-नऊ महिन्यांचे असताना त्यांचे डोळे दुखू लागले. त्यावर डोळ्यांत घातलेल्या औषधाचा विपरीत परिणाम होऊन दृष्टी कायमची गेली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. जन्मांध असा त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. हा फरक किरकोळ नव्हे. जन्मांधत्वापुढे त्या काळचे वैद्यक बहुतांशी हतबल होते. येथे मात्र पाहणारे डोळे उपचाराच्या हातून गेले.

वय चार वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले आणि पुढील काही वर्षे मूल आजीपाशी लोणी टाकळीला वाढले. त्यानंतर ते माधानला परतले.

दृष्टिनाशाचे कारण आणि आजचे वैद्यक

नेमका आजार कोणता व औषध कोणते, याची वैद्यकीय नोंद झालेली नाही. तेव्हा वऱ्हाडातील खेड्यात तशी नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र अशा दृष्टिनाशाची वाट आज चांगली माहीत आहे. तान्ह्या मुलाचे डोळे येतात, लाल होतात, चिकटतात. पुष्कळदा ही तक्रार योग्य स्वच्छतेने व साध्या औषधाने बरी होते. पण पानांचा रस, दूध, मध, तुरटी किंवा वैदूची भुकटी डोळ्यांत घातली, तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होते, तेथे जंतूंचा शिरकाव होऊन व्रण पडतो, आणि व्रण भरला तरी मागे पांढरे फूल राहते. मूल कुपोषित असेल, अंगात 'अ' जीवनसत्त्वाची उणीव असेल किंवा नुकतेच गोवर-अतिसार होऊन गेले असतील, तर हा पडदा काही दिवसांतच विरघळून जाऊ शकतो. फूल लहान असले तरी लहान वयात त्याने होणारे नुकसान मोठे असते. मेंदू पाहण्यास शिकतो तो आयुष्याच्या पहिल्या सात-आठ वर्षांत. त्या काळात डोळ्यांतून स्पष्ट प्रतिमा पोहोचली नाही, तर पुढे डोळा दुरुस्त होऊनही दृष्टी मंदच राहते.

याच सुमारास, १८८१ मध्ये, जर्मनीतील लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा सौम्य द्रव घालून जन्मवेळच्या संसर्गाने येणारे अंधत्व टाळण्याची रीत प्रसिद्ध केली होती. थेंब तेथेही घालत आणि येथेही. कोणता घालावा व किती तीव्रतेचा, हे ज्ञान तेवढे येथे पोहोचलेले नव्हते. बुबुळाच्या पडद्याचे पहिले यशस्वी रोपण मोराव्हियात १९०५ मध्ये झाले, तेव्हा गुलाबराव चोवीस वर्षांचे होते.

भारतात १९७० पासून बालकांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातील पहिला डोस, एक लाख एककांचा, गोवरलशीबरोबर नवव्या महिन्यात देतात. जवळजवळ त्याच वयात गुलाबरावांची दृष्टी गेली होती. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांचा डोस दिला जातो. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभ १९७६ चा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा मुलांची तपासणी करतात आणि तीत दृष्टीचाही समावेश असतो. तरीही दोन तपासण्यांच्या मधल्या काळात मूल घरच्यांच्या व शिक्षकांच्याच नजरेखाली असते. दोन-तीन महिन्यांचे मूल दिव्याकडे किंवा आईच्या चेहऱ्याकडे नजर लावत नसेल, बुबुळात पांढरे दिसत असेल, मोठे मूल पुस्तक नाकाशी धरत असेल, फळ्यावरचे चुकीचे उतरवत असेल किंवा वाचताना ओळ सोडत असेल, तर ते मंदबुद्धी वा आळशी ठरण्याआधी त्याचे डोळे तपासले जाणे आवश्यक असते. शाळेत 'ढ' गणली गेलेली किती तरी मुले केवळ चष्म्याअभावी मागे पडलेली असतात.

शिक्षण

गुलाबरावांना शाळा मिळाली नाही. लुई ब्रेल यांनी ठिपक्यांची लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली होती. परंतु भारतातील अंधांसाठीची पहिली शाळा अमृतसरला निघाली ती १८८७ मध्ये, म्हणजे गुलाबराव सहा वर्षांचे असताना. मुंबईत ॲना मिलार्ड यांनी अशी शाळा १९०० मध्ये काढली. भारतीय भाषांसाठीची सामाईक भारती ब्रेल तर १९५१ ची. तेव्हा वऱ्हाडातील अंध मुलापुढे विद्येचा एकच मार्ग होता : दुसऱ्याने वाचावे आणि आपण ऐकून धरून ठेवावे.

हा मार्ग मराठी समाजात आधीच रुळलेला होता. पोथी एकाने वाचायची आणि गावाने ऐकायची, अभंग पाठ असायचे, कीर्तनातून पुराणे कळायची. ज्ञानेश्वरीसुद्धा बहुतेकांना कानांनीच भेटत असे. तिची शुद्ध प्रत सिद्ध केली ती एकनाथांनी, शके १५०६ मध्ये. त्यांचे स्वतःचे अध्ययनही देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस, जनार्दनस्वामींच्या सन्निध झाले होते. या श्रवणपरंपरेत अंध मुलाला जागा होती. पाटी-पुस्तकाच्या नव्या शाळेत ती नव्हती.

गुलाबरावांची स्मरणशक्ती विलक्षण होती, याविषयी सर्व चरित्रकारांचे एकमत आहे. त्यांचे ज्ञान अध्ययनाविना, पूर्वसंस्काराने प्रकट झाले, अशी अनुयायांची श्रद्धा आहे. श्रद्धेचा मान राखूनही असे म्हणावे लागते की, या समजुतीमुळे ग्रंथ वाचून दाखवणारे आणि सांगितलेले लिहून घेणारे हात झाकले जातात. शेकडो पृष्ठांचा मजकूर तोंडी रचणे, तो क्रमाने मनात राखणे आणि लेखकाला उतरवून देणे हे सलग परिश्रमाचे काम आहे. ते चमत्कार ठरवल्याने त्याचे मोल कमी होते.

विवाह व साधना

त्यांचा विवाह १८९६ मध्ये मनकर्णिका यांच्याशी झाला. त्यांना अनंत नावाचा मुलगा होता. १९०१ मध्ये ज्ञानेश्वरांनी दर्शन देऊन आपल्या नावाचा मंत्र दिला, अशी त्यांची स्वानुभूती होती. तेव्हापासून ते स्वतःस ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानू लागले. कुंकू, मंगळसूत्र असा सौभाग्यालंकारही ते धारण करीत. शंकराचार्यांचे अद्वैत आणि गोपींची मधुरा भक्ती यांत विरोध नाही, असा त्यांचा सिद्धान्त असून तो मधुराद्वैत म्हणून ओळखला जातो.

ग्रंथरचना

त्यांच्या लेखनाचा विस्तार थक्क करणारा आहे. अभंग, ओव्या, सूत्रग्रंथ, प्रश्नोत्तरे, नाट्य, पत्रे असे अनेक प्रकार त्यांनी हाताळले. स्त्रियांसाठी वऱ्हाडी बोलीत गाणी रचली. 'संप्रदाय सुरतरु', 'साधुबोध', 'प्रेमनिकुंज' व 'सूक्तिरत्नावली' ही त्यांतील काही प्रसिद्ध नावे. डार्विनचा उत्क्रांतिवाद व हर्बर्ट स्पेन्सर यांची मते यांचाही त्यांनी परामर्श घेतला. त्यांचे सर्वच खंडन आज पटेल असे नाही. पण इंग्रजी शाळेत न गेलेल्या, खेड्यात राहणाऱ्या अंध तरुणाने ही मते समजून घेऊन वादास उभे राहावे, ही गोष्ट मराठी विचारांच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. आयुर्वेदावरही त्यांनी लिहिले. 'मानसायुर्वेद' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. ज्याची दृष्टी औषधाने गेली, त्याने वैद्यकावर ग्रंथ रचावा, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. 'नावंग' नावाची एक स्वतंत्र भाषाही त्यांनी घडवली होती.

मृत्यू आणि नंतर

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. शिष्य बाबाजी महाराज पंडित यांनी संप्रदायाची धुरा पुढे वाहिली. चांदूर बाजार येथे त्यांच्या नावे भक्तिधाम आहे.