सरकार हेच गिऱ्हाईक : शेठ वालचंद हिराचंद यांचे जीवनकार्य

मालेगाव तालुक्यातील रावळगाव हे नाव आपल्या धुळे-जळगावच्या समाजबांधवांना नवे नाही. तेथील साखर आणि तेथील गोळ्या खान्देशातील घराघरांत पोहोचल्या होत्या. मात्र तो साखर कारखाना ज्यांनी १९३३ साली उभा केला त्या शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे चरित्र आपल्या तरुण पिढीला फारसे ठाऊक नसते. जहाज, विमान आणि मोटार या तीन उद्योगांचे भारतातील आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचा गौरव होतो, आणि तो यथार्थच आहे. परंतु एका व्यापाऱ्याच्या दृष्टीने त्यांच्या जीवनाकडे पाहिले असता दुसरीच गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आयुष्यभर सरकारच होते. रेल्वे, लष्कर, नगरपालिका, संस्थाने आणि दिल्लीचे सरकार यांच्याशी त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे व्यवहार केला. त्यात त्यांना पैसा मिळाला, कीर्ती मिळाली आणि मनस्तापही पुष्कळ झाला.

वालचंदशेठांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे दिगंबर जैन हुमड कुटुंबात झाला. हे घराणे मूळचे गुजरातचे. व्यापारानिमित्त ते महाराष्ट्रात येऊन स्थिरावले होते. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा धंदा होता. वडील हिराचंद नेमचंद हे धर्मनिष्ठ आणि सुधारक वृत्तीचे गृहस्थ होते. सोलापुरातून निघालेल्या ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे ते संस्थापक होत. वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे मातृछत्र हरपले. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन या महाविद्यालयांत त्यांचे शिक्षण झाले, पण पदवी हाती न घेताच ते घरच्या व्यवसायात परतले.

घरची पेढी सुस्थितीत होती. गादीवर बसून व्याज मोजण्यात आयुष्य काढले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. पण त्यांचे मन त्यात रमेना. याच सुमारास लक्ष्मणराव बळवंत फाटक या गृहस्थांशी त्यांचा संबंध आला. फाटक हे रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरलेले. रेल्वेचे काम कसे निघते, साहेब काय पाहतो आणि बिल कोठे अडते याची त्यांना खडान्‌खडा माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदांकडे भांडवल आणि पत होती, पण कामाची माहिती नव्हती. दोघे एकत्र आले आणि बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे काम त्यांनी घेतले. एका जैन सावकारपुत्राची आणि एका ब्राह्मण कारकुनाची ही भागीदारी त्या काळी अनेकांना नवलाची वाटली असेल. माझ्या मते त्यांच्या पुढील साऱ्या यशाचा पाया येथेच घातला गेला. सरकारदरबारी माल किंवा काम देणाऱ्याला पैसा आणि दफ्तराचे ज्ञान दोन्ही लागतात, आणि ही दोन्ही एकाच माणसाजवळ क्वचितच असतात.

ठेकेदारीचे गणित तेव्हाही आजच्यासारखेच होते. प्रथम टेंडर भरायचे, त्याबरोबर इसाऱ्याची रक्कम ठेवायची. काम मिळाल्यावर अनामत भरायची. मजुरी दर आठवड्याला रोख द्यायची, पण आपले पैसे मात्र मोजमाप नोंदले जाऊन, बिल तपासले जाऊन, मंजुरी मिळाल्यावरच हाती यायचे. अनामत तर काम पूर्ण होऊन मुदत उलटल्याखेरीज सुटत नसे. म्हणजे ठेकेदाराचा पैसा कायम सरकारकडे अडकलेला. कापडाच्या पेढीवर उधारी थकली तर आपण माणूस धाडतो, पुढचा माल थांबवतो. सरकारी कार्यालयात यांपैकी काहीच करता येत नाही. आमच्या पेढीने फार वर्षांपूर्वी एका कार्यालयाला चादरी पुरविल्या होत्या. माल महिन्याभरात पोहोचला, पण पैसे दोन मार्च उलटल्यावर आले. तेव्हा ज्याची पेढी भक्कम त्यानेच या वाटेला जावे, हा जुन्या मंडळींचा सल्ला वालचंदांच्या बाबतीत अक्षरशः खरा ठरला. त्यांना घरच्या पतीने तारले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी बराकी आणि इमारती बांधण्याची कामे त्यांना मिळाली आणि पेढीचा व्याप वाढला. १९२० साली टाटांच्या सहकार्याने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. भोर घाटातील रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारे नळ ही त्यांची त्या काळातील प्रसिद्ध कामे होत. पुण्याला जाताना खंडाळ्याच्या बोगद्यांतून जाणाऱ्या प्रवाशाला त्यामागे सोलापूरच्या एका जैन श्रेष्ठीचे परिश्रम आहेत, याची कल्पनाही नसते.

त्या काळी सरकारला माल विकणे देशी व्यापाऱ्याला किती दुर्घट होते, हे येथे सांगितले पाहिजे. हिंदुस्थान सरकारला लागणाऱ्या यंत्रांपासून साध्या सामानापर्यंतची मोठी खरेदी लंडनमध्ये होत असे. तेथील दर, तेथील तपासणी आणि तेथलेच व्यापारी. येथील कारखानदाराला आपला नमुना दाखवायलाही दार नव्हते. या पद्धतीवर देशात मोठी टीका झाली. १९२२ साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट हे स्वतंत्र खाते निघाले, आणि १९३१ पासून टेंडर रुपयांत मागवावे व माल हिंदुस्थानात पोहोचता घ्यावा असा नियम लागू झाला. कागदावर ही बाब क्षुल्लक दिसते. पण पौंडांऐवजी रुपयांत दर देता येणे म्हणजे सोलापूरच्या किंवा जळगावच्या माणसाला त्या दारात उभे राहता येणे होते.

वालचंदशेठांनी याच दशकात आपल्या धंद्याची दिशा बदलली. आतापर्यंत ते काम करून देणारे ठेकेदार होते. आता सरकारला लागणारी वस्तू स्वतः तयार करण्याकडे ते वळले. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीबरोबरच इंडियन ह्यूम पाइप कंपनीही त्यांनी सुरू केली. गावोगावच्या रस्त्यांखाली मोरीसाठी घातलेला सिमेंटचा गोल नळ आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला खेड्यातील गवंडीही ह्यूम पाईप म्हणतो. पाणीपुरवठा, गटारे आणि रस्ते या तिन्ही कामांना तो लागतो, आणि ती तिन्ही कामे काढणार नगरपालिका किंवा सरकार. जहाज-विमानांच्या झगमगाटात चरित्रकार या नळाकडे फारसे पाहत नाहीत, पण व्यापारी बुद्धीचा खरा कस मला येथे दिसतो. दुसऱ्याचा माल आणून खात्याला देणाऱ्याला दराच्या चढाओढीत कोणीही पाडू शकतो. जो वस्तू बनवतो त्याचे स्थान सहसा हलत नाही.

जहाजाच्या धंद्यात मात्र सरकारच्या पक्षपाताचा त्यांना पुरेपूर अनुभव आला. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेऊन नरोत्तम मोरारजी आदी स्नेह्यांसह त्यांनी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज मुंबईहून इंग्लंडला निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पण सरकारी टपाल वाहण्याचे ठेके ब्रिटिश कंपनीकडे, आणि तीच कंपनी भाडे पाडून देशी जहाजांना जेरीस आणणारी. १९२३ मध्ये सिंदियाला त्या कंपनीशी तडजोडीचा करार करावा लागला. त्यात आपल्या जहाजांच्या संख्येवर आणि मार्गांवर बंधने स्वीकारावी लागली. १९२९ पासून १९५० पर्यंत वालचंदशेठ या कंपनीचे अध्यक्ष होते. विशाखापट्टणम् येथे त्यांनी जहाजबांधणीचा कारखाना काढला. त्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. तेथे तयार झालेले ‘जलउषा’ हे पहिले जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

विमानाची कथा याहून अद्भुत आहे. १९३९ साली प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी ओळख झाली आणि त्या संभाषणातून विमानांच्या कारखान्याची कल्पना निघाली. म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल दिले. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. युद्ध ऐन भरात असल्याने सरकारने विमानांची मागणी नोंदविली, १९४१ मध्ये स्वतः भागीदारी घेतली आणि जपानी फौजा जवळ येऊ लागताच १९४२ मध्ये वालचंदांचे भाग विकत घेऊन त्यांना बाजूला केले. गिऱ्हाईकानेच दुकान घेतले! विशाखापट्टणम्‌च्या कारखान्यातही १९५२ साली सरकार मोठे भागीदार झाले.

मोटारींच्या बाबतीत उलट घडले. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी करून त्यांनी कारखान्याची योजना सिद्ध केली होती. लष्कराला गाड्या हव्याच होत्या. तरीही सरकारने खरेदीचे आश्वासन दिले नाही. अखेर १९४४ साली सरकारच्या भरवशावर न राहता कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू झाली. तिच्या गाड्यांना सामान्य गिऱ्हाईक मिळाले आणि तो कारखाना पुढे कित्येक दशके चालला.

लष्करासाठी विमाने बनविणे जैन श्रावकाला शोभते काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल, आणि तो टाळू नये. हिंसेची साधने पुरविणे हा आपल्या आचारात दोषच मानला आहे. दुसरीकडे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगून, गृहस्थाने संकल्पी हिंसेचा सर्वथा त्याग करावा, उरलेल्या तीन त्याला पूर्णपणे टाळता येत नाहीत, असेही आचार्यांनी म्हटले आहे. देशाचे रक्षण विरोधी हिंसेत येते, असे वालचंदशेठांच्या बाजूने म्हणता येईल. तरी त्यातील नफ्याचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. मला स्वतःला सरकारी पुरवठ्यातील दुसरा दोष अधिक जवळचा वाटतो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमीअधिक माप देणे आणि चांगल्यात हलके मिसळणे हे दोन स्पष्ट सांगितलेले आहेत. नमुना एका सुताचा आणि गठ्ठा दुसऱ्या सुताचा, हा प्रकार कापडवाल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. सरकारचा माल कोणाच्याच मालकीचा नसतो, या समजुतीने तो अधिक घडतो. बोगद्यात किंवा नळात अशी लबाडी लपत नाही. वालचंदांनी केलेली कामे टिकली, यातच काय ते आले.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. केंद्र सरकारसाठी दरकरार करणारे जुने पुरवठा महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले आणि केंद्रीय खात्यांची खरेदी २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या संगणकीय बाजारावर गेली. भुसावळ आणि वरणगावचे आयुध कारखाने असोत की रेल्वे, दुकानात बसून दर भरता येतो. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून किमान २५ टक्के खरेदीचे धोरण आहे, त्यांना इसाऱ्याच्या रकमेतून सूट आहे, आणि २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांत पैसे न दिल्यास चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. पण एक गोष्ट आपल्या समाजातील अनेकांच्या लक्षात येत नाही. आपण बहुतेक व्यापारी आहोत. २०२१ पासून व्यापाऱ्यांना ‘उद्यम’ नोंदणी मिळते खरी, परंतु तिचा उपयोग बँकेच्या कर्जापुरताच आहे. खरेदीतील वरील सवलती उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहेत. ठाणातील कापड विकणाऱ्याला त्या नाहीत. तेच कापड आपल्या शेडमध्ये शिवून गणवेश किंवा चादर म्हणून देणाऱ्याला आहेत. वालचंदशेठ १९२६ मध्ये ज्या वळणावर उभे होते, तेच हे वळण.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढील वर्षी ते व्यवसायातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५ पासून त्यांचे नाव धारण करून आहे. बंगळूरच्या त्यांच्या कारखान्यातून वाढलेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा एक विभाग १९६४ पासून आपल्याच मुंबई-आग्रा मार्गावर ओझरला आहे आणि नाशिकच्या कित्येक लहान कारखान्यांना त्याने काम दिले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने अवकाश संशोधन संस्थेला अग्निबाणांचे भाग पुरविले. रावळगावच्या गोळ्यांची नाममुद्रा मात्र २०२४ साली रिलायन्सकडे गेली.