राणीच्या बागेतील भाऊ दाजी

भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाणारी कुटुंबे बहुधा प्राणी पाहायला जातात. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीहून मुलाबाळांना घेऊन आलेली मंडळी एका देखण्या जुन्या वास्तूसमोरून न थांबता पुढे निघतात. त्या वास्तूला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. हे नाव तिला १९७५ साली मिळाले. तोवर जवळजवळ शंभर वर्षे ती राणी व्हिक्टोरिया आणि तिचा पती अल्बर्ट यांच्या नावाने ओळखली जात होती. जिच्यासाठी भाऊंनी वर्षानुवर्षे वर्गणी गोळा केली, त्या वास्तूवर त्यांचे नाव लागायला एवढा काळ जावा लागला.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे पाळण्यातले नाव. पेडणे परिसरातील मांद्रे गावी १८२२ च्या सुमारास एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. घरचा व्यवसाय मातीच्या बाहुल्यांचा. लहानग्या भाऊंचे बुद्धिबळातील कसब पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना गळ घातली आणि मुलाला मुंबईस आणून एल्फिन्स्टन संस्थेत घालण्यात आले. पुढे बक्षिसे व शिष्यवृत्त्यांवर शिक्षण झाले. वडील लवकर वारले. आई आणि धाकटा भाऊ नारायण यांचा भार भाऊंवर आला. बालिकाहत्येवरील त्यांच्या निबंधाला पारितोषिक मिळाले आणि एल्फिन्स्टनमध्येच शिक्षकाची जागाही मिळाली.

पण त्यांचे मन तेथे स्थिरावले नाही. नव्याने निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते दाखल झाले आणि तेथील पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत बाहेर पडले. वैद्यकीत त्यांचा जम असा बसला की अल्पावधीत ते धनवान झाले. कुष्ठरोगावरील कडू कवठाच्या तेलाच्या उपचारामुळे त्यांची कीर्ती दूरवर पोहोचली. मात्र हा उपाय त्यांनी बराच काळ स्वतःपाशीच ठेवला, आणि त्याबद्दल त्यांना दोष दिला गेला तो अगदीच अनाठायी नव्हता. स्त्रीशिक्षण, बॉम्बे असोसिएशन, विद्यापीठ अशा सर्व ठिकाणी त्यांचा वावर होता. १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात करसनदास मूळजींच्या बाजूने साक्ष देण्याचे धैर्यही त्यांनी दाखवले.

खरी ओढ मात्र जुन्या शिलालेखांची. अजिंठ्याचे लेख वाचणे, संस्कृत ग्रंथकारांचे काळ ठरवणे, हस्तलिखिते जमवणे यांवर त्यांनी हात न आखडता खर्च केला. जुनागढचा तरुण भगवानलाल इंद्रजी त्यांनी मदतीस घेतला आणि देशभर ठसे घेण्यास पाठवला. भाऊंच्या नावावरील कित्येक संशोधनांचा पाया या माणसाच्या पायपिटीत आहे, हे सांगितलेच पाहिजे. भाऊंच्या पश्चात १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरणारे आणि गोरेगावजवळच्या पडण टेकडीवरील लेखांची नोंद करणारे ते हेच भगवानलाल. उपनगरांच्या प्राचीन इतिहासाचे धागे असे भाऊंच्या घरापर्यंत पोहोचतात.

आता संग्रहालयाकडे वळू. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी जमवलेल्या वस्तूंच्या निमित्ताने कोटातील बराकीत एक छोटे संग्रहालय उभे राहिले होते. १८५७ च्या उठावात सैनिकांसाठी बराक हवी झाली आणि त्या वस्तूंची पार दैना झाली. जे उरले ते डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी सावरले. पुढे शहराला स्वतःचे संग्रहालय व उद्यान असावे, अशी चळवळ जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने सुरू झाली. भाऊ आणि बर्डवुड तिचे चिटणीस झाले. पैसा शहरातल्या लोकांकडून जमवायचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला, मुंबई श्रीमंतीच्या धुंदीत, त्यामुळे देणग्याही येत होत्या. १८६२ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी कोनशिला बसवली.

१८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला आणि शेअरबाजारही. त्याच वर्षी शंकरशेट वारले. भाऊंनी शेअरांत गुंतवलेली आयुष्यभराची मिळकत बुडाली. देणगीदारांचेच दिवाळे निघाल्याने अर्धवट इमारत तशीच रखडली. अखेर सरकारने हात घातला तेव्हा ती पुरी झाली. २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांना खुले झाले. मधल्या काळात, १८६९ आणि १८७१ मध्ये, भाऊ मुंबईचे शेरीफ झाले होते. मान होता, पैसा उरला नव्हता. उद्घाटनानंतर दोनच वर्षांनी, मे १८७४ मध्ये, त्यांचे निधन झाले.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी येथे मातीच्या छोट्या प्रतिमांची दालने सजली. मुंबईतील निरनिराळ्या जाती-जमाती, त्यांचे पेहराव, धंदे, सारे मातीत घडवलेले. बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाने खटपट करून उभारलेल्या वास्तूत शहराचे चरित्र बाहुल्यांतून मांडले जावे, हा योगायोग खासा! पुढे वास्तूला अवकळा आली. महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी २००३ पासून तिचा जीर्णोद्धार केला. २००५ साली त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली. त्यानंतर जुन्या कपाटांशेजारी आजच्या चित्रकारांची प्रदर्शने भरू लागली. २०११ मध्ये जितीश कल्लाट यांचे भरले, तर २०१४ च्या अखेरीस घाटकोपरचे अतुल दोडिया यांचे. देशातील छोट्या छोट्या गावांत संग्रहालये असती तर ती कशी असती, ही दोडियांच्या चित्रांमागची कल्पना होती.

दिवाणखान्यासारख्या त्या प्रशस्त दालनात, नक्षीदार लोखंडी खांबांच्या मधोमध, डेव्हिड ससून यांनी दिलेला अल्बर्टचा संगमरवरी पुतळा उभा आहे. दारावरची पाटी मात्र भाऊंची.