श्रीसंत बहिणाबाई : चरित्र आणि वाणी

वारकरी संप्रदायाच्या स्त्री संतमालिकेत मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा यांच्या बरोबरीने ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या श्रीसंत बहिणाबाई जगद्गुरू श्री तुकाराम महाराजांच्या शिष्या होत. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या निराळ्या. नामसाम्यामुळे पुष्कळ भाविकांची गल्लत होते, म्हणून हा खुलासा आरंभीच केलेला बरा.

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० म्हणजे इ. स. १६२८ मध्ये वेरूळजवळील देवगाव येथे झाला. पिता आऊजी कुलकर्णी, माता जानकी. वयाच्या अवघ्या तिसऱ्या वर्षी शिऊर येथील रत्नाकर पाठक यांच्याशी त्यांचा विवाह लावून देण्यात आला. वराचे वय तीस वर्षांचे होते व त्यांचा हा दुसरा संबंध होता. पाठक वेदविद्या जाणणारे, आचारनिष्ठ आणि स्वभावाने अतिशय कोपिष्ट होते. पुढे भाऊबंदकी व कर्ज यांमुळे आऊजींवर गाव सोडण्याचा प्रसंग आला. मुलगी, जावई यांच्यासह हे कुटुंब गोदातीर, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे फिरत फिरत अखेर करवीरक्षेत्री, कोल्हापुरास येऊन एका वैदिक ब्राह्मणाच्या घरी राहिले.

येथेच त्यांच्या जीवनाला कलाटणी मिळाली. पाठकांना एक सवत्स कपिला गाय दान मिळाली होती. त्या वासराला बहिणाबाईंचा इतका लळा लागला की ते क्षणभरही त्यांना सोडीत नसे. बहिणाबाई तेव्हा अजून बालवयातच होत्या. कोल्हापुरात जयरामस्वामी वडगावकर यांची कीर्तने चालू होती. बहिणाबाई मातेसह श्रवणास जात आणि वासरूही मागोमाग जाई. एके दिवशी श्रोत्यांच्या दाटीत वासराला बाहेर काढण्यात आले, तेव्हा त्या रडू लागल्या. स्वामींना हे कळताच त्यांनी वासराला आत आणविले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

ही वार्ता पाठकांच्या कानी गेली. आपली पत्नी चारचौघांच्या सभेत जाते, लोक तिच्याविषयी बोलतात, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी वेणी धरून तिला ओढले, निर्दयपणे मारले आणि बांधून टाकले. आईवडील त्याच घरात होते, परंतु जावयापुढे त्यांचे काही चालले नाही. गाय व वासरू यांनी चारापाणी सोडले, आणि थोड्याच दिवसांत वासराने प्राण सोडला. बहिणाबाई कित्येक दिवस शुद्धीवर नव्हत्या. त्या अवस्थेत तुकाराम महाराजांनी स्वप्नात येऊन त्यांना मंत्रोपदेश केला. महाराजांना त्यांनी कधी पाहिले नव्हते. कीर्तनांतून केवळ त्यांचे अभंग ऐकले होते.

हा सर्व वृत्तान्त आज आपणांस कोठून कळतो, याकडे भाविकांनी अवश्य लक्ष द्यावे. तो कोणा चरित्रकाराने नव्हे, तर स्वतः बहिणाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत लिहून ठेवला आहे. घरची गोष्ट उंबऱ्याबाहेर नेऊ नये, पतीचा मार मुकाट्याने सोसावा आणि त्याची वाच्यता करणे ही स्वतःचीच नामुष्की, असे मानण्याचा तो काळ होता. खरे तर तो काळ पूर्णपणे सरला आहे असेही म्हणवत नाही. अशा काळात एका कुलीन ब्राह्मण स्त्रीने वेणी धरल्याचे, बांधल्याचे आणि स्वतःच्या तळमळीचे वर्णन देवाला साक्ष ठेवून, कोणताही आडपडदा न ठेवता केले. मराठीत स्त्रीने स्वतः सांगितलेल्या आत्मचरित्राचा हा फार प्राचीन नमुना समजला जातो. जन्म स्त्रीचा, म्हणून वेदमंत्राचा अधिकार नाही, एकान्त नाही, स्वतःची सत्ता नाही. मग परमार्थ साधावा कसा, हे दुःखही त्यांनी स्पष्टपणे मांडले.

स्वप्नोपदेशानंतर त्यांना अभंगरचना स्फुरू लागली आणि दर्शनास लोक येऊ लागले. पाठकांचा संताप त्यामुळे अधिकच वाढला. एका वेदज्ञ ब्राह्मणाच्या पत्नीने शूद्र गुरू करावा आणि लोकांनी पतीला बाजूस सारून तिला नमस्कार करावा, हे त्यांना अपमानास्पद वाटले. पत्नीला टाकून निघून जाण्याचा त्यांनी निश्चय केला, पण त्याच वेळी ते तीव्र ज्वराने अंथरुणास खिळले. बहिणाबाईंनी रात्रंदिवस शुश्रूषा केली. या आजारात पाठकांना पश्चात्ताप झाला, आणि बरे झाल्यावर ते स्वतःच सहकुटुंब देहूस गेले.

बहिणाबाईंनी पतिव्रताधर्मावरही अभंग रचले असून त्यांत पतीला देव मानले आहे. मार खाल्लेल्या स्त्रीने असे लिहावे, याचे आजच्या वाचकास नवल वाटते. काही लेखक हा भाग गाळतात, तर काही तेवढाच भाग पुढे करतात. आमच्या मते दोन्ही अयोग्य आहे. त्यांनी संसार सोडला नाही आणि वाणीही सोडली नाही. पतीची सेवा केली, पण त्यांच्या इच्छेखातर गुरू मात्र बदलला नाही.

देहूस त्यांना तुकाराम महाराजांचे प्रत्यक्ष दर्शन घडले. तेथे मंबाजी गोसावी यांनी आपले शिष्यत्व पत्करण्याचा आग्रह धरला. तो न मानल्यामुळे त्यांनी या कुटुंबास पुष्कळ छळले. त्यांनी कोंडून मारलेल्या गाईचे वळ महाराजांच्या पाठीवर उमटले, असे परंपरा सांगते. बहिणाबाईंना काशीबाई ही कन्या व विठोबा हा पुत्र झाला. उत्तरायुष्य त्यांनी शिऊर येथे घालविले.

त्यांच्या रचनांमध्ये 'वज्रसूची' या संस्कृत ग्रंथाचे मराठी रूपांतर विशेष उल्लेखनीय आहे. ब्राह्मण कोणाला म्हणावे? जीवाला, देहाला, जातीला, ज्ञानाला की कर्माला? असा एकेक पक्ष घेऊन तो खोडीत जाणारा हा ग्रंथ आहे. ज्या घरात गुरूच्या जातीवरून एवढा कलह माजला, त्याच घरातील स्त्रीने तो मराठीत आणला. संप्रदायाला देवालयाची उपमा देऊन पायापासून कळसापर्यंत संतांची कामगिरी सांगणारा, घरोघरी म्हटला जाणारा सुप्रसिद्ध अभंगही त्यांच्याच नावे गायला जातो.

शके १६२२, म्हणजे इ. स. १७०० मध्ये अंतकाळ जवळ आल्याचे जाणून त्यांनी, पत्नीच्या उत्तरकार्यासाठी गोदातीरी गेलेल्या पुत्रास पत्र पाठवून बोलावून घेतले. त्याला आपल्या मागील बारा जन्मांची कथा सांगितली आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेस देह ठेवला. त्यांची समाधी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे आहे. वेरूळच्या श्रीघृष्णेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांनी सवड काढून त्यांचे जन्मस्थान देवगाव आणि शिऊरची समाधी, या दोन्ही स्थानांचे दर्शन अवश्य घ्यावे.