भारताचं पहिलं शिकाऊ विमान घडवणारे डॉ. घाटगे, आणि प्रोपेलरचं सगळ्यांना खूश न करणारं गणित

नरडाण्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघालं, तापीचा पूल ओलांडला, की कधीकधी डोक्यावर घुरघुरणारं एखादं छोटं विमान दिसतं. शिरपूरजवळच्या धावपट्टीवर वैमानिक घडवायचं काम चालतं. धुळ्यालाही चालतं. त्यामुळे आपल्याकडच्या पोरांना आता त्याचं फार अप्रूप राहिलेलं नाही. विमान उठतं, एक गोल चक्कर मारतं, उतरतं आणि लगेच परत उठतं. शिकाऊ विमानाचं सगळं आयुष्य हे असंच जातं.

असं शिकाऊ विमान आपल्याच देशात डिझाइन करायचं, हा विचार स्वातंत्र्यानंतर लगेच पुढे आला. ते काम ज्यांच्या हाती गेलं ते होते कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे.

गंमत अशी की 'विमान बनवणारा मराठी माणूस' म्हटलं की आपल्याला पहिलं नाव आठवतं शिवकर बापूजी तळपदे यांचं. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर विमान उडवलं अशी कथा आहे, तिच्यावर हिंदी सिनेमाही येऊन गेला. पण त्या उड्डाणाचा ठोस पुरावा मिळत नाही. घाटगेंच्या विमानाचा पुरावा मात्र शेकड्याने होता. त्या विमानावर भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांच्या पिढ्या उडायला शिकल्या. तरी घाटगे हे नाव किती जणांनी ऐकलंय, हे तुम्हीच आजूबाजूला विचारून बघा.

कोल्हापूर ते गटिंगन

घाटगेंचा जन्म १९०८ चा. मुंबईत उच्च शिक्षण घेऊन ते जर्मनीला गेले आणि गटिंगन विद्यापीठात पोहोचले. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते लुडविग प्रांटल. विमानाच्या पंखाभोवती हवा कशी वाहते, याचं आजचं शास्त्र ज्यांच्या कामावर उभं आहे ते हे प्रांटल. १९३६ मध्ये घाटगेंना त्यांच्याकडे डॉक्टरेट मिळाली.

तो काळ काही साधा नव्हता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि गटिंगनमधल्या अनेक ज्यू गणितज्ञांना, भौतिकशास्त्रज्ञांना नोकऱ्या सोडाव्या लागल्या. हवेच्या शास्त्राचं काम मात्र जोरात चालू राहिलं, कारण नव्या सरकारला विमानं हवी होती.

याच गटिंगनमध्ये प्रांटल यांचे सहकारी होते आल्बर्ट बेट्झ. आपल्या गोष्टीत हे नाव महत्त्वाचं आहे. कमीत कमी ऊर्जा वाया घालवणारा प्रोपेलर कसा असावा, याचं उत्तर बेट्झ यांनी १९१९ मध्ये गणिताने दिलं. पात्याच्या टोकाशी हवा निसटते त्यामुळे होणारा तोटा कसा मोजायचा, ते प्रांटल यांनी त्यालाच जोडून सांगितलं. पुढच्याच वर्षी बेट्झ यांनी हेच गणित उलटं फिरवलं. प्रोपेलर इंजिनाची ताकद हवेला देतो, पवनचक्की हवेची ताकद काढून घेते. वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जाच काढता येते, त्याहून जास्त कोणालाच नाही, ही मर्यादा त्यांनी मांडली. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरांवर ज्या पवनचक्क्या फिरतात, त्याही या मर्यादेच्या आतच फिरतात.

म्हणजे घाटगे शिकायला गेले ते प्रोपेलरच्या हिशोबाच्या माहेरीच.

हा हिशोब नेमका काय असतो?

प्रोपेलर म्हणजे पंखाच, फक्त गोल फिरणारा. तो हवा मागे फेकतो आणि विमान पुढे जातं. इंजिनाने दिलेल्या ताकदीतला किती भाग विमान पुढे नेण्यात कामी आला, तेवढी त्याची कार्यक्षमता. बाकीची ताकद मागे सुटलेल्या हवेच्या झोतात, तिच्या गरगरण्यात आणि पात्यांच्या घर्षणात जाते.

आता नावेत बसून वल्हं मारायचं आहे असं समजा. मोठं वल्हं सावकाश मारलं तर बरंच पाणी थोड्या वेगाने मागे जातं. पळीएवढं वल्हं भराभर मारलं तर थोडंच पाणी जोरात मागे उडतं. ढकल दोन्हीत सारखी मिळवता येईल, पण दुसऱ्या प्रकारात दमछाक जास्त. प्रोपेलरचंही तेच. भरपूर हवा, थोडा वेग, हा फायद्याचा सौदा. हे गणित एकोणिसाव्या शतकात रँकिन आणि फ्रूड यांनी जहाजांच्या पंख्यांसाठी मांडलं होतं.

मग प्रोपेलर हवा तेवढा मोठा का करत नाहीत? एक तर तो जमिनीला लागेल. दुसरं म्हणजे टोकाचा वेग. समजा प्रोपेलर २ मीटर व्यासाचा आहे आणि मिनिटाला २,४०० फेरे घेतोय. त्याचं टोक सेकंदाला साधारण २५० मीटर वेगाने धावतं. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. टोक त्याच्या फार जवळ गेलं की गोंगाट वाढतो, हवेचा अडथळा वाढतो आणि कार्यक्षमता घसरते.

पात्याला पीळ का असतो, तेही इथेच कळतं. टोक वेगाने धावतं, बुंधा हळू. समोरून येणारी हवा मात्र दोघांना सारखीच. प्रत्येक जागी हवा योग्य कोनात कापली जावी म्हणून पातं बुंध्याशी जास्त तिरकं आणि टोकाशी जवळजवळ सपाट ठेवतात. प्रोपेलरचं विश्लेषण करताना पात्याचे असे बारीक बारीक तुकडे पाडून प्रत्येकाचा हिशोब वेगळा करतात आणि शेवटी बेरीज करतात. आज हे काम लॅपटॉप क्षणात करतो. त्या काळी कागद, पेन्सिल आणि स्लाइड रूल.

युद्ध, वालचंद आणि एक ग्लायडर

डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू केली. आजची 'हॅल' ती हीच. घाटगे तिथे दाखल झाले. युद्धकाळात त्यांच्या देखरेखीखाली दहा आसनी, सैनिक वाहून नेणारं ग्लायडर तयार झालं. त्याला ना इंजिन, ना प्रोपेलर. असं ग्लायडर एकच बनलं. कारखान्याला पुढे लढाईतल्या विमानांच्या दुरुस्तीतून सवड मिळाली नाही.

डिसेंबर १९४२ मध्ये बंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग निघाला आणि त्याचे पहिले प्रमुख झाले घाटगे. कारखान्याला इंजिनिअर लागणार, ते परदेशातून किती दिवस आणणार? गटिंगनला शिकलेलं आता इथल्या फळ्यावर उतरू लागलं.

जाता जाता एक. संस्कृतातल्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली विमानं उडू शकतील का, हे १९७४ मध्ये याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तपासलं. उत्तर आलं: नाही, त्या आकृत्यांमधलं काहीही उडणार नाही. त्या अभ्यासात घाटगेंनी उभा केलेला विभागही होता. तळपद्यांच्या कथेला आणि या ग्रंथाला बहुतेक वेळा एकत्रच गुंफलं जातं, म्हणून सांगितलं.

एचटी-२: एकच गिअर असलेलं विमान

१९४८ च्या सुमारास घाटगे हॅलमध्ये डिझाइनचं काम बघू लागले. हवाई दल तेव्हा टायगर मॉथ या लाकूड-कापडाच्या दुपंखी विमानांवर आणि ब्रिटिश प्रेंटिस विमानांवर शिकवत होतं. प्रेंटिस हॅलमध्येही बनायची, पण वजनाच्या मानाने तिचं इंजिन अशक्त होतं. नवं विमान हवं होतं ते पूर्ण धातूचं, दोन आसनी, दणकट आणि आपल्या हवेत चालणारं.

'आपल्या हवेत' हे शब्द सहज जाण्यासारखे नाहीत. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा जवळपास आठ टक्के विरळ. ऊन असेल तर आणखी विरळ. विरळ हवेत इंजिनाचा दम कमी, पंखाची उचल कमी आणि प्रोपेलरच्या हाती लागणारी हवाही कमी. तिन्ही तोटे एकदम. मे महिन्यात आपल्याकडे ४४ अंशात उडणारं कोणतंही छोटं विमान हाच मार खातं.

एचटी-२ ला १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन बसलं. पंखांचा विस्तार १०.७२ मीटर, भरलेलं वजन १,०१६ किलो, सर्वाधिक वेग ताशी २०९ किलोमीटर. आणि पुढे दोन पात्यांचा प्रोपेलर, ज्याच्या पात्यांचा कोन उडताना बदलता येत नाही.

खरी अडचण इथे आहे. कोन न बदलणारा प्रोपेलर म्हणजे एकच गिअर असलेली सायकल. लळिंगचा घाट चढायला वेगळा गिअर लागतो, पुढच्या सपाट रस्त्याला वेगळा. कमी तिरकी पाती ठेवली तर विमान पटकन उठतं, पण सरळ उडताना इंजिन उगाच जास्त फिरतं. जास्त तिरकी ठेवली तर प्रवासात मजा, पण धावपट्टीवर विमान रखडतं.

आकड्यांत बघू. १५५ अश्वशक्ती आणि २ मीटरचा प्रोपेलर धरून मी रँकिन-फ्रूडचं साधं गणित करून पाहिलं. प्रोपेलरचा व्यास इथे मी सोयीसाठी धरलेला आहे. ताशी १८५ किलोमीटरने सरळ उडताना आदर्श कार्यक्षमता ९२ टक्क्यांच्या आसपास निघते. घर्षण वगैरे वजा जाता प्रत्यक्षात ती ८० च्या घरात असणार. पण धावपट्टीवर ताशी ५४ किलोमीटरने धावताना तोच आदर्श आकडा निम्म्याच्याही खाली येतो. आणि विमान ब्रेक लावून जागेवर उभं असताना? कार्यक्षमता शून्य. भिंत ढकलून घाम गाळला तरी भिंत हलली नाही, तसं. जोर पूर्ण लागतोय, पण सरकत काहीच नाही, म्हणून हिशोबात काम शून्य.

म्हणून नुसता 'या प्रोपेलरची कार्यक्षमता किती?' हा प्रश्न अर्धवटच आहे. कोणत्या वेगाला, हे आधी विचारायला हवं. ज्याचा दिवस उठण्यात, चढण्यात आणि उतरण्यात जातो, त्या शिकाऊ विमानासाठी सर्वाधिक आकडा देणारा प्रोपेलर हा चांगला प्रोपेलर असेलच असं नाही.

कोन बदलणारे प्रोपेलर जगात तेव्हा होतेच. पण ते महाग, जड आणि देखभालीला किचकट. त्यात पहिल्यांदाच उडणाऱ्या पोराच्या हाती आणखी एक दांडा द्यायचा. साधा प्रोपेलर हा माझ्या मते योग्यच निर्णय होता, थोडी कार्यक्षमता गमावून का होईना.

५ ऑगस्ट १९५१ ला एचटी-२ पहिल्यांदा उडालं. चालवत होते हॅलचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी. या पहिल्या नमुन्यात अजून जिप्सी मेजर इंजिन होतं. सिरस मेजरवाला दुसरा नमुना १९५२ च्या फेब्रुवारीत उडाला. पुढे १५० हून जास्त एचटी-२ बनली, काही घानाच्या हवाई दलालाही गेली. आपल्याकडे या विमानाने जवळपास चार दशकं काम केलं. सिरस इंजिनं म्हातारी झाल्यावर काहींना नवी लायकमिंग इंजिनं बसवली गेली.

एक खटकणारी गोष्ट मात्र नोंदवायला हवी. सांगाडा आपला, पण इंजिन परदेशी. सिरस काय, लायकमिंग काय, दोन्ही बाहेरचीच. आपल्या विमानांची ही उणीव तेव्हापासूनची आहे.

पुष्पक, कृषक आणि मग जेट

घाटगेंच्याच काळात फ्लाइंग क्लबांसाठी ९० अश्वशक्तीचं 'पुष्पक' आलं. ते २८ सप्टेंबर १९५८ ला उडालं. त्याच्यावरून पुढे लष्कराच्या टेहळणीसाठी 'कृषक' झालं. मग जमाना जेटचा. दुसऱ्या महायुद्धातलं नावाजलेलं जर्मन लढाऊ विमान घडवणारे कुर्ट टँक बंगळुरूला आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली 'मारुत' १९६१ मध्ये उडालं. घाटगेंच्या टीमने ज्याचं काम हाती घेतलं होतं ते शिकाऊ जेट 'किरण' ४ सप्टेंबर १९६४ ला उडालं. त्याला प्रोपेलर नव्हता, पण शिकणारं पोर तेच होतं आणि विरळ हवाही तीच.

१९६५ मध्ये घाटगेंना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये त्यांचं निधन झालं. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावाने पुरस्कार देते. त्यांच्या गोष्टीत ना चौपाटी, ना जमलेली गर्दी, ना गूढ ग्रंथ. सिनेमाला बहुधा तेवढंच कमी पडलं.

हॅलने अलीकडे बनवलेलं शिकाऊ विमान एचटीटी-४० हे ३१ मे २०१६ ला पहिल्यांदा उडालं. त्याच्या नाकावर चार पात्यांचा प्रोपेलर आहे आणि त्याच्या पात्यांचा कोन उडता उडता बदलतो. इंजिन अजूनही बाहेरचंच. जुनं एचटी-२ बघायचं असेल तर बंगळुरूला हॅलचं हेरिटेज सेंटर आहे. गेलात तर विमानाच्या बाजूला उभं राहून फोटो काढण्याआधी समोर जा आणि पातं बुंध्यापासून टोकापर्यंत नीट बघा. पीळ कसा कमी कमी होत जातो, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.